वर्षाचं एक पुस्तक

कामातले अनुभव लिहून द्या, असा या अंकाच्या संपादकांचा निरोप आला तेव्हा मला वाटलं, त्यांचा नंबर चुकला असावा. दर दिवाळीला या पानांवर निवृत्त माणसं लिहितात. कुणी जन्मभर टपाल वाटलेलं असतं, कुणी विजेच्या खांबांवर चढलेलं असतं. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. कामाला लागून मला तीन वर्षंसुद्धा पुरी झालेली नाहीत आणि कामही अर्ध्या वेळेचं आहे. आमच्या वाचनालयाच्या सरांना विचारलं, तर ते म्हणाले, "लिही. निवृत्त झाल्यावर सगळं गोड आठवतं. तुला अजून खरं आठवत असेल." म्हणून लिहिते आहे. चुकलंमाकलं सांभाळून घ्यावं.

मी गोरेगावच्या वाचनालयात संध्याकाळच्या पाळीला बसते. गोरेगाव म्हणजे आमच्या सेनगाव तालुक्यातलं बाजाराचं गाव. जीपस्टँडच्या मागे, पिठाच्या गिरणीला लागून दोन खोल्या आहेत. पुढच्या खोलीत वर्तमानपत्रं आणि लांब टेबल, मागच्या खोलीत कपाटं. सकाळची पाळी ग्रंथपाल सर करतात. मी कॉलेज करून सेनगावहून जीपनं परत येते आणि घरी न जाता थेट कुलूप उघडते.

बाहेरच्यांना वाटतं, हे काम म्हणजे पुस्तक देणं आणि पुस्तक घेणं. त्याआधी झाडणं असतं. गिरणीचं पीठ भिंतीच्या फटीतून येऊन कपाटांवर बसतं. आमच्याकडचं कोणतंही पुस्तक नाकाशी धरा, ज्वारीचा वास येतो. रोज फडकं मारायचं, डांबराच्या गोळ्या बदलायच्या, नव्या पुस्तकाला नंबर टाकायचा, शिक्का मारायचा, शेवटच्या पानावर तारखेची चिठ्ठी चिकटवायची. टेबलावर भरतीचा अभ्यास करणारी पोरं पाय पसरून बसलेली असतात. त्यांना पाय आवरायला सांगणं हेही कामच आहे.

एक गोष्ट मात्र मला सरांनी शिकवली आणि ती मला फार आवडते. परत आलेलं पुस्तक मिटून उजेडात धरायचं आणि पानांची कड बघायची. जिथवर वाचलं गेलं असेल तिथवर कड मळकी दिसते, पुढे पांढरी. वाचकाला "आवडलं का?" असं विचारायचं नाही, कारण सगळे हो म्हणतात. कड बघायची आणि त्यावरून पुढचं पुस्तक ठरवायचं.

आमचे वाचक तसे मोजकेच. जीपवाले रफिकभाई सीटा भरेपर्यंत वाचतात. ज्या दिवशी गिऱ्हाईक जास्त, त्या दिवशी त्यांचं प्रकरण अर्ध्यात राहतं आणि ते चिडतात. धंदा चांगला झाला म्हणून चिडणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. विठ्ठलकाका एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. ते कोणतंही पुस्तक घेण्याआधी खालच्या आवाजात विचारतात, "शेवटाला कोणी मरतं का?" मरत असेल तर नेत नाहीत. एकदा मी म्हटलं, "मरतात, पण म्हातारपणी आणि झोपेत." त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "मंग दे. इतकं चालतं."

आता मूळ गोष्टीकडे येते.

मागच्या वर्षी जानेवारीत मी ठरवलं की वर्षात बावन्न पुस्तकं वाचायची. आठवड्याला एक. हे मला एकदम सुचलं नव्हतं. आमच्या वर्गात हिंगोलीची एक मुलगी आहे, तिचे आईवडील दोघंही शिक्षक. ती स्वभावानं चांगली आहे, डबा वाटून खाते. पण बोलता बोलता म्हणते, "अगं, तू हे नाही वाचलंस?" त्यात टोमणा नसतो. तिला खरंच नवल वाटतं. तिच्या घरी पुस्तकांचं कपाट होतं. आमच्या घरी छापलेलं म्हणजे कॅलेंडर आणि लग्नाच्या पत्रिका. बाबा आडतीवर हमाली करतात, आई रोजानं जाते. कॉलेजात गेलेली मी घरातली पहिली. ती मुलगी सातव्या वर्षी जे वाचून बसली ते मी एकविसाव्या वर्षी उघडत होते, आणि मला सारखं वाटायचं की कुठेतरी एक जीप निघून गेली आहे आणि मी तिच्यामागे पळते आहे.

सरांना सांगितलं तर ते खूश झाले. म्हणाले, "दारातला फळा रिकामाच हाये. त्यावर लिही. लोकांना बी कळू दे." मी डाव्या कोपऱ्यात माझा आकडा लिहिला आणि मधोमध त्या आठवड्याच्या पुस्तकाची शिफारस, दोनचार ओळींत.

ते लिहायला नको होतं असं नंतर अनेकदा वाटलं. फळा जीपस्टँडवरून दिसतो. सगळं गाव माझा आकडा वाचू लागलं. भरतीची पोरं मला बावन्नपत्ती म्हणू लागली. रफिकभाई स्टेअरिंगवरूनच विचारायचे, "कितवं चालू हाये, बाई?" आकडा आठवडाभर हलला नाही, की पानटपरीवाला म्हणायचा, "बिमार होती का?"

मग मी आकड्यासाठी वाचू लागले. कपाटासमोर उभी राहून पुस्तक हातात घ्यायच्या आधी त्याची जाडी बघायची. जाड पुस्तकं मागे सारायची. जेवताना वाचायची, जीपमध्ये वाचायची आणि एक संपण्याच्या आधीच मनानं पुढच्यात गेलेली असायचे. कोणत्या पुस्तकात काय होतं हे दोन आठवड्यांनी आठवायचं नाही. झोपतानाही उरलेली पुस्तकं मोजत राहायचे. आई म्हणाली, "वाचतीस का पळतीस?" मी तिच्यावर ओरडले.

अशा दिवसांत निर्मलामावशी आली.

निर्मलामावशीचं शिलाईचं दुकान वाचनालयाच्या समोर आहे. दुकान म्हणजे एक मशीन, एक टेबल आणि वर पत्रा. गावातल्या अर्ध्या बायकांचे ब्लाऊज ती शिवते. आमच्या वस्तीतलीच, माझ्या आईची लांबची बहीण लागते. तोवर ती कधी वाचनालयाची पायरी चढली नव्हती. त्या संध्याकाळी गळ्यात टेप तसाच ठेवून आली, भरतीची पोरं बाहेर चहाला जाईपर्यंत वर्तमानपत्र बघत उभी राहिली आणि मग माझ्याजवळ येऊन म्हणाली, "प्रज्ञा, तू वर्साला बावन्न वाचतीस. माझ्याच्यानं एकच व्हईल. कोणतं वाचू ते तू सांग."

मी हसले. ती हसली नाही.

तिनं सांगितलं ते असं. आमच्या वस्तीत बुद्धविहार आहे. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास असतो आणि ते तीन महिने रोज संध्याकाळी विहारात धम्मग्रंथाचं वाचन होतं. पांढऱ्या कापडातून ग्रंथ काढतात, एकजण मोठ्यानं वाचतो, बाकीचे ऐकतात. पाळी ठरलेली असते. ज्यांना वाचता येतं ते सगळे वाचतात, शाळेतली लेकरंसुद्धा. निर्मलामावशी चौथीपर्यंत शिकलेली, म्हणून दर वर्षी तिचं नाव पाळीत येतं. आणि दर वर्षी त्या दिवशी तिचा चष्मा घरी राहतो, नाहीतर मेणबत्त्या आणायला तीच जाते. हे मी लहानपणापासून बघत होते, पण मला कधी कळलं नव्हतं. मला वाटायचं, मावशीला मेणबत्त्या लावायची हौस आहे.

"अक्षर लागतं," ती म्हणाली. "जोडाक्षर आलं की ठेच लागते. मंग घाम फुटतो. औंदा मी सोताहून नाव देणार हाये. तवर एक पुस्तक पुरं वाचून काढायचं हाये."

मी म्हटलं, मग ग्रंथच घरी ने, त्याचाच सराव कर. तिनं मान हलवली.

"त्याच्यावर नाही शिकायचं. ब्लाऊज शिकताना चांगल्या कपड्याला कात्री लावतेत का? आदी मांजरपाट कापतेत. तसं एखादं मांजरपाट दे मला."

ती गेली आणि मी कपाटांसमोर उभी राहिले. बावन्न निवडताना मला कधी भीती वाटली नव्हती, कारण एक चुकलं तर पुढच्या आठवड्याला दुसरं. हिचं एकच होतं. ते चुकलं तर ती पुन्हा ही पायरी चढणार नाही आणि वर्षावासात पुन्हा मेणबत्त्या आणायला जाईल, हे मला स्पष्ट दिसत होतं.

पहिलं मी चुकीचंच दिलं. मोठ्या अक्षरांचं, चित्रांचं, जोडाक्षरं कमी असलेलं. दुसऱ्या दिवशी ते टेबलावर आलं. मावशी म्हणाली, "ससा हाये ह्याच्यात. मी काय बालवाडीत चाललीय?" भरतीची पोरं ऐकत होती. मला कुठे बघावं कळेना.

दुसऱ्या वेळी मी फार विचार केला. आमच्यासारख्याच वस्तीतल्या एका बाईनं लिहिलेलं तिच्या आयुष्याचं पुस्तक दिलं. ते मला स्वतःला फार आवडलं होतं. कॉलेजात मी त्यावर निबंध लिहिला होता. वाटलं, मावशीला हे आपलंसं वाटेल. दोनतीन आठवड्यांनी ते परत आलं. मी कड उजेडात धरली. पाव भागसुद्धा मळला नव्हता.

"चांगलं हाये," मावशी म्हणाली. "पण हे मला म्हाईत हाये. दुष्काळ येतो, बाप मरतो, पोरीला शाळेतून काढतेत. पुढचं बी म्हाईत हाये. मला म्हाईत नसलेलं काही दे नं."

मी ते पुस्तक परत कपाटात ठेवलं. इतके महिने मी माझ्यासारख्या माणसांना माझ्यासारख्या माणसांची पुस्तकं देत आले होते आणि त्यालाच शिफारस म्हणत होते.

तिसरं पुस्तक तिनंच काढलं असं म्हणावं लागेल. मी तिला मागच्या खोलीत नेलं आणि कपाट उघडून दिलं. आमच्याकडे बाईमाणसं कपाटापर्यंत येत नाहीत, टेबलाशी उभी राहून मिळेल ते नेतात. मावशीनं कापडाचं ठाण बघावं तसं एकेक पुस्तक बाहेर ओढून, बोटांत पान धरून बघितलं. शेवटी एका पुस्तकाशी तिचा हात थांबला. कुणीतरी देणगी दिलेलं जुनं प्रवासवर्णन. एक माणूस बर्फाच्या मुलखातून एकटा चालत जातो. आत नकाशा होता, आणि एका फोटोत खोल दरीवर दोरांचा झुलता पूल.

"हे असं कुठं असतं?" ती म्हणाली.

मला माहीत नव्हतं. जाड असल्यामुळे मी ते दोनदा मागे सारलेलं होतं. "लई मोठं हाये मावशी," मी म्हटलं, "व्हायचं न्हाई."

"तुला व्हायचं न्हाई. तुला बावन्न करायचेत. मला एकच हाये."

ते तिनं नेलं. आणि मग रोज संध्याकाळी, शेवटचं गिऱ्हाईक गेलं की ती पुस्तक घेऊन समोरून यायची आणि माझ्या टेबलाशी बसून आदल्या रात्री घरी वाचलेली दोनतीन पानं मोठ्यानं वाचायची. अडलेल्या शब्दाखाली तिच्या खडूची बारीक रेघ असायची, कापडावर मारतात त्या सपाट खडूची. तो शब्द लागला की ती बोटानं रेघ पुसून टाकायची.

खरं सांगायचं तर मला तो वेळ काढणं फार जड गेलं. समोर माझं त्या आठवड्याचं पुस्तक पालथं पडलेलं असायचं. मावशी एका शब्दावर अडायची आणि माझ्या पायाचा अंगठा हलू लागायचा. 'प्र' म्हणून ती थांबली, की मी 'प्रवाशांच्या' म्हणून मोकळी व्हायचे. 'बर्' म्हणताच मी 'बर्फाच्छादित' सांगून टाकायचे. मला वाटायचं, मी मदत करते आहे. चारपाच दिवस तिनं सोसलं. मग एकदा पुस्तक मिटलं.

"प्रज्ञा, तू माझ्या तोंडातला घास काढून घेऊन राहिली."

"अडलं म्हणून सांगितलं, मावशी."

"अडू दे की. तुला कुठं जायचंय?"

मला कुठंच जायचं नव्हतं. घर गावच्या विहिरीपलीकडेच आहे. त्या दिवसापासून मी ओठ मिटून बसू लागले, पण आतून ते सोपं नव्हतं. जीभ टाळ्याला लावून धरावी लागायची.

गंमत म्हणजे मावशीचं ऐकता ऐकता मला त्या प्रवाशाची काळजी लागली. रोज दोनतीन पानंच पुढे सरकायची आणि तो बिचारा आठवडाभर त्याच उतारावर असायचा. जीपमध्ये माझं दुसरंच पुस्तक उघडं असायचं आणि मनात यायचं, ह्याचं सामान वाहणारं खेचर सापडलं का. मी पुढचं वाचून टाकलं असतं, पण पुस्तक मावशीच्या घरी होतं. फळ्यावरचा आकडा मागे पडला. सर एकदा म्हणाले, "पुसून टाक वाटलं तर." मी पुसला नाही. लाज वाटायची, पण पुसायची त्याहून जास्त वाटायची.

आषाढात वर्षावास सुरू झाला. गुरुजी आमच्या वस्तीतले निवृत्त शिक्षक, ते पाळी लावतात. मावशीनं उभं राहून स्वतःहून नाव दिलं, आणि शेवटच्या पंधरवड्यातला दिवस मागून घेतला. बायकांत खसखस पिकली. मावशीची मोठी जाऊ सखुबाई म्हणाली, "निर्मला वाचणार म्हंजी वर्षावास दिवाळीपतोर चालतो मंग." सगळे हसले. मावशीही हसली. पण त्या रात्री तिनं एकही पान वाचलं नाही, हे तिनं मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. म्हणाली, "नाव माघारी घेऊ का गं?"

मी इतकंच म्हटलं, "तो पुलापाशी येऊन उभा हाये, मावशी. त्याला पलीकडं तर लाव." मग तिनं पिशवीतून पुस्तक काढलं.

तो पूल ओलांडायला आम्हाला तीन संध्याकाळी लागल्या. पोळा झाल्यावर पुस्तक संपलं. तिनं ते परत केलं तेव्हा मी सवयीनं कड उजेडात धरली. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखी मळकी होती, मशीनच्या तेलाची आणि खडूची. मी म्हटलं, आता फळ्यावर शिफारस तूच लिही. ती नको नको म्हणाली आणि मग स्टुलावर चढली. तिला जागा पुरेना, म्हणून मला न विचारता तिनं कोपऱ्यातला माझा आकडा पदरानं पुसला आणि लिहिलं, "बर्फाचा परवास. लई थंडी वाजते. पूल धीरानं वलांडा." रफिकभाईंनी जीपमधूनच ते दोनदा वाचलं आणि दुसऱ्या दिवशी पुस्तक मागायला आले.

मग तिच्या पाळीचा दिवस आला.

विहारात नेहमीपेक्षा जास्त माणसं होती. काही नुसती बघायला आली होती. मेणबत्त्या त्या दिवशी माझ्या आईनं लावल्या. मावशी चष्मा लावून ग्रंथासमोर बसली आणि वाचू लागली. आवाज बारीक होता, पण अक्षर स्वच्छ. पहिलं वाक्य गेलं. दुसऱ्यात ती अडली. विहार इतका शांत झाला की मला बाहेरच्या शेळीचं चघळणं ऐकू येत होतं. तो शब्द मला पाठ होता. मी लहानपणापासून तिथे वाचत आले आहे. गुरुजींनी सांगण्यासाठी तोंड उघडलं, तेव्हा मावशीनं मान वर न करता डाव्या हाताचं बोट उचललं. गुरुजी थांबले. तिनं तो शब्द दोन तुकड्यांत उच्चारला, मग जोडून उच्चारला, आणि पुढे गेली.

असं किती वेळा झालं मला सांगता येणार नाही. लेकरं पेंगली. एकदोन माणसं घड्याळ बघत उठून गेली. दिवसाचा नेमलेला भाग अर्धासुद्धा झाला नव्हता. शेवटी गुरुजी, त्यांना वाईट म्हणता येणार नाही, मऊ आवाजात म्हणाले, "निर्मलाबाई, फार छान वाचलं. उरलेलं आता प्रज्ञा वाचून टाकेल. पटकन होईल."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. आणि मी कबूल केलं पाहिजे की माझा हात ग्रंथाकडे जाण्यासाठी हललाही होता. सवय होती ती. मी तो मांडीखाली दाबून धरला.

मावशीनं चष्मा काढून पुसला. "पटकन काहून?" ती म्हणाली. "उरलेलं उद्या. उद्या बी मीच वाचते."

गुरुजी म्हणाले, उद्याची पाळी दुसऱ्याची आहे, आणि असं केलं तर पौर्णिमेला ग्रंथ पुरा कसा व्हायचा. तेव्हा बायकांतून सखुबाईचा आवाज आला. "मी म्हणलंच व्हतं की दिवाळीपतोर चालतो म्हणून. चालू द्या मंग. आमाला घरी कोणतं विमान पकडायचंय?" या वेळीही सगळे हसले आणि मावशीही हसली, पण मला वाटतं, या वेळी ती खरंच हसली.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजहून आले तेव्हा माझ्या पिशवीत एक बारीकसं पुस्तक होतं. त्या संध्याकाळी ते संपवायचं, असं मी सकाळी ठरवलेलं. पाळी संपल्यावर कुलूप लावलं आणि विहारात जाऊन बसले. पुस्तक पिशवीतच राहिलं. मावशी कालच्या जागेवरून पुढे वाचू लागली. ती अडली की मीही तिच्याबरोबर अडत होते. पुढचा शब्द माझ्या जिभेवर आलेला नव्हता. मी वाट बघत होते, बस्स.

माझी बेचैनी गेली, असं लिहिलं तर ते खोटं होईल. बावन्न झाली नाहीत. हिंगोलीची मैत्रीण अजून म्हणते, "हे नाही वाचलंस?", आणि अजून पुस्तक उचलताना मी आधी जाडी बघते. ग्रंथ मात्र पौर्णिमेला पुरा झाला. शेवटचे दिवस गुरुजी सकाळ-संध्याकाळ दोन वेळा वाचायला बसले.

मावशीच्या वाचनाच्या त्या दुसऱ्या संध्याकाळी विहारातून परत येताना मावशी पुढे चालत होती. गळ्यात टेप तसाच होता. वळणावर थांबून तिनं विचारलं, "आज किती पानं झाली गं?"

"दीड," मी म्हटलं.

"आन् तुझी?"

"माझी बी दीडच."